संसद डॉट इन: मंत्र्यांच्या उत्तरांना चांगली सेवा, अधिकाऱ्यांच्या साक्षीला अर्धीच

संसदीय समितीसमोर मंत्रालयाचे सचिव काय बोलले, ते खरं होतं का आणि वर्षभराने त्याचं पुढे काय झालं, हे तपासायला आपल्याकडे मोजकीच साधनं आहेत. संसदेचं एकत्रित संकेतस्थळ संसद डॉट इन, जुन्या कागदपत्रांसाठी संसदेचं डिजिटल ग्रंथालय, आश्वासनांचा माग ठेवणारी ‘ओएएमएस’ ही प्रणाली आणि राज्यापुरतं बोलायचं तर महाराष्ट्र विधानमंडळाचं संकेतस्थळ. पैसे कुठेच लागत नाहीत. पहिल्या दोन ठिकाणी खातंही उघडावं लागत नाही. हे परीक्षण एकाच कसोटीवर केलं आहे: लोकप्रतिनिधींसमोर सरकारी माणसाने केलेलं विधान शोधून काढून, त्याच्याच पुढच्या कागदाशी ताडून बघता येतं का?

थोडक्यात सांगायचं तर मंत्र्याचं विधान सहज सापडतं. अधिकाऱ्याचं शोधावं लागतं, आणि सापडलं तरी तुकड्यातुकड्यांत. यात संकेतस्थळ बांधणाऱ्यांचा दोष थोडा आणि नियमांचा जास्त. पण मागच्या दाराने आत जाण्याची एक वाट आहे आणि ती बऱ्याच पत्रकारांनाही माहीत नसते.

आधी कोण कुठे बोलतं ते बघू. सभागृहात मंत्री बोलतो. उत्तराचा मसुदा मंत्रालयात कोणीही केलेला असो, विधान मंत्र्याच्या नावावर लागतं. समितीत मात्र अधिकारी स्वतः बोलतो. लोकलेखा आणि अंदाज समितीसारख्या आर्थिक समित्यांनी मंत्र्याला साक्षीला बोलवायचंच नाही, असं लोकसभा अध्यक्षांच्या निर्देश ९९ मध्ये लिहिलं आहे. विभागांशी संलग्न स्थायी समित्यांतही वहिवाट तीच. या समित्या २४ आहेत आणि प्रत्येकीत ३१ सदस्य, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. त्यांच्यासमोर सचिव, सहसचिव, एखाद्या सार्वजनिक कंपनीचे अध्यक्ष बसतात आणि उलटतपासणी झेलतात. म्हणजे अधिकाऱ्याला त्याच्या शब्दांत पकडायची जागा समितीच, आणि नेमकी तीच जागा बंद दाराआडची.

प्रश्नोत्तरं: ५ पैकी ४

हा या सेवेचा सगळ्यात मजबूत भाग. लोकसभेत दिवसाला २० तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न घेतले जातात, राज्यसभेत १५ आणि १६०. मंत्रालय, सदस्य, तारीख, प्रश्न क्रमांक यांपैकी काहीही टाकून शोधता येतं. उत्तर पीडीएफमध्ये मिळतं, इंग्रजीत आणि हिंदीत. मराठीत नाही.

शोधताना एक गोष्ट लक्षात ठेवायची. शोध प्रामुख्याने प्रश्नाच्या शीर्षकावर चालतो, आतल्या मजकुरावर भरवसा ठेवता येत नाही. शीर्षकं फार मोघम असतात, त्यामुळे विषयाचा शब्द टाकून काही आलं नाही म्हणजे उत्तरच नाही असं समजू नये. मंत्रालय आणि तारखांची मर्यादा टाकून अख्खी यादी चाळणं वेळखाऊ असलं तरी खात्रीचं.

आणि एकाच मंत्रालयावर थांबू नये. १४ सप्टेंबर २०२० ला लोकसभेत अतारांकित प्रश्न क्रमांक १७४ ला कामगार मंत्रालयाने उत्तर दिलं की टाळेबंदीत गावी परतताना मरण पावलेल्या स्थलांतरित मजुरांची आकडेवारी ठेवलेली नाही, त्यामुळे भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. त्याच अधिवेशनात, त्याच आठवड्यात, रेल्वे मंत्रालयाने राज्यसभेत सांगितलं की श्रमिक स्पेशल गाड्यांमध्ये ९ सप्टेंबरपर्यंत ९७ जणांचा मृत्यू झाल्याचं राज्यांच्या पोलिसांकडून कळलं आहे. दोन सभागृहं, दोन मंत्रालयं, एकच विषय. संकेतस्थळ ही दोन उत्तरं कधीच शेजारीशेजारी दाखवत नाही, कारण लोकसभेचा आणि राज्यसभेचा शोध वेगवेगळा आहे. ते काम वाचणाऱ्याने करायचं.

उत्तर वाचायची एक पद्धत असते. २० जुलै २०२१ ला राज्यसभेत आरोग्य मंत्रालयाने ऑक्सिजनअभावी झालेल्या मृत्यूंबद्दल दिलेलं लेखी उत्तर घ्या. पहिलं वाक्य, आरोग्य हा राज्यांचा विषय. मग, राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश नियमितपणे रुग्ण आणि मृत्यूंची संख्या कळवतात. मग, ऑक्सिजनच्या कमतरतेमुळे मृत्यू झाल्याचं त्यांनी विशेषत्वाने कळवलेलं नाही. यात ‘मृत्यू झाले नाहीत’ असं कुठेही म्हटलेलं नाही. सगळा भार ‘विशेषत्वाने कळवलेलं’ या दोन शब्दांवर आहे. त्याच वर्षी २१ एप्रिलला नाशिकच्या झाकिर हुसेन रुग्णालयात टाकीतून गळती होऊन ऑक्सिजनचा पुरवठा खंडित झाला आणि २० हून अधिक रुग्ण दगावले, हे अख्ख्या महाराष्ट्राला माहीत होतं. पण उत्तर खोटं ठरवायचं असेल तर घटना दाखवून भागत नाही. राज्याने केंद्राला कोणत्या रकान्यात काय कळवलं, तो कागद लागतो. अशा उत्तरांत क्रियापद आधी बघावं: ‘झालं नाही’, ‘कळवलं नाही’, ‘नोंद ठेवली जात नाही’ आणि ‘माहिती गोळा केली जात आहे’ ही चार वेगवेगळी विधानं आहेत आणि चौघांना खोडायचे पुरावेही वेगळे.

मंत्र्याला चूक सुधारायचीही सोय आहे. आधीच्या उत्तरात दुरुस्ती करणारं निवेदन नंतर सभागृहात केलं जातं. ते मूळ उत्तराच्या पानावर चिकटवलेलं दिसेलच असं नाही, म्हणून त्या अधिवेशनाच्या उरलेल्या दिवसांच्या कामकाजपत्रिका चाळाव्यात. एखादं उत्तर ‘खोटं’ म्हणून समाजमाध्यमावर टाकायच्या आधी हे दहा मिनिटांचं काम करावंच, नाहीतर तोंडघशी पडायला होतं.

समित्या: ५ पैकी २

इथे खरी निराशा. संसद टीव्ही १५ सप्टेंबर २०२१ ला सुरू झाला, पण समित्यांच्या बैठका त्यावर दिसत नाहीत. बैठका खाजगीत होतात. लोकसभेच्या नियम २७५ प्रमाणे समितीसमोरची साक्ष सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईपर्यंत कोणालाही बघता येत नाही, आणि पटलावर शब्दशः साक्ष सहसा ठेवली जातच नाही. गंमत अशी की निर्देश ५८ प्रमाणे समितीच्या अध्यक्षाने साक्षीदाराला सुरुवातीलाच सांगायचं असतं: तुमची साक्ष सार्वजनिक समजली जाईल आणि प्रसिद्ध होऊ शकते, काही गोपनीय ठेवायचं असेल तर तसं सांगा. कागदावर साक्ष सार्वजनिक आणि व्यवहारात कपाटात.

मग संकेतस्थळावर मिळतं काय? अहवाल. आणि अहवाल शेवटाकडून वाचायला घ्यावा.

परिशिष्टात बैठकांची इतिवृत्तं असतात. इतिवृत्ताचा साचा ठरलेला: तारीख, वेळ, खोली, हजर सदस्यांची नावं, सचिवालयाचे अधिकारी, मग साक्षीदार, नाव आणि हुद्द्यासकट. पुढे दोन-तीन परिच्छेदांत विषय. मग सदस्यांच्या ज्या प्रश्नांना तिथे उत्तर देता आलं नाही त्यांची उत्तरं लेखी पाठवायला सांगितल्याची नोंद. शेवटी साक्षीदार बाहेर गेले, आणि कामकाजाची शब्दशः नोंद ठेवली आहे असं एक वाक्य. ती शब्दशः नोंद आपल्याला मिळत नाही, पण इतिवृत्तातून तीन गोष्टी हाती लागतात: त्या दिवशी नेमकं कोण होतं, सचिव स्वतः आले होते की कनिष्ठाला पाठवलं होतं, आणि किती सदस्य हजर होते. ३१ पैकी १२ सदस्य हजर असतील तर उलटतपासणी किती धारदार झाली असेल याचा अंदाज बांधता येतो.

मग मुख्य मजकूर. यात अधिकाऱ्यांचं बोलणं दोन वाटांनी येतं आणि त्यांची गल्लत करू नये. एक ‘तोंडी साक्षीत प्रतिनिधीने सांगितलं’, आणि दुसरी ‘मंत्रालयाने लेखी उत्तरात कळवलं’. पहिलं बोलणं खोलीतलं, उत्स्फूर्त, आणि सहसा जास्त खरं. दुसरं घरी जाऊन, फाइल फिरवून, वरिष्ठांची सही घेऊन आलेलं. दोन्हींत फरक पडला की समजावं काहीतरी शिजलंय. पीडीएफमध्ये इंग्रजीतून ‘ड्युरिंग एव्हिडन्स’, ‘डिपोज्ड’, ‘कॅंडिडली’ आणि ‘पोस्ट एव्हिडन्स’ हे शब्द शोधले तर शंभर पानांतली कामाची आठ-दहा पानं पटकन हाती येतात. ‘कॅंडिडली’ तर समित्यांचा लाडका शब्द. सचिवाने काही कबूल केलं की अहवाल लिहिणारा हटकून तोच वापरतो.

अधिकारी कागद देत नसेल तर? नियम २७० प्रमाणे समितीला माणसं, कागद आणि दफ्तर मागवता येतं. मात्र तो कागद उघड झाल्याने देशाच्या सुरक्षिततेला किंवा हिताला बाधा येईल असं म्हणून सरकार तो नाकारू शकतं. असा नकार मिळाला तर त्याचा उल्लेख बहुधा अहवालात येतो आणि तो उल्लेखच मोठा पुरावा असतो.

संकेतस्थळाची खरी चूक इथे आहे: मूळ अहवाल आणि त्यावरचा ‘केलेल्या कार्यवाहीचा अहवाल’ एकमेकांना जोडलेले नाहीत. मूळ अहवालाचा एक क्रमांक, कार्यवाही अहवालाचा वेगळाच, आणि मध्ये वर्ष-दीड वर्ष. लोकसभा बदलली तर क्रमांक पुन्हा एकपासून. शोधताना कार्यवाही अहवालाच्या शीर्षकातला मूळ क्रमांक बघावा लागतो. ‘अमुकाव्या अहवालातील शिफारशींवर शासनाने केलेली कार्यवाही’ अशा धाटणीचं ते शीर्षक असतं.

मागचं दार: चौथं प्रकरण

हे कष्ट घ्यायचे कारण हाच सगळ्यात उपयोगी कागद आहे. समितीने शिफारस केली की सरकारने साधारण तीन महिन्यांत उत्तर द्यायचं असतं. ती उत्तरं समिती पुन्हा तपासते आणि अहवाल पाच प्रकरणांत मांडते. पहिल्यात समितीचं म्हणणं. दुसऱ्यात सरकारने मान्य केलेल्या शिफारशी. तिसऱ्यात सरकारचं उत्तर बघून समितीने सोडून दिलेल्या. चौथ्यात, सरकारचं उत्तर समितीला पटलेलं नाही अशा. पाचव्यात, अंतिम उत्तर अजून आलेलंच नाही अशा.

अनुभवी वाचक थेट चौथं उघडतो. ज्या अधिकाऱ्याने साक्षीत ‘सहा महिन्यांत पूर्ण करू’ म्हटलं होतं, त्याच्या मंत्रालयाला समिती इथे त्याच शब्दांची आठवण करून देते आणि ‘आधीच्या भूमिकेचा पुनरुच्चार’ करते. साक्ष आणि वस्तुस्थिती यांतली तफावत समितीच्याच शब्दांत, संसदेच्या पटलावर ठेवलेली, म्हणजे बिनदिक्कत उद्धृत करता येण्याजोगी. पाचवं प्रकरणही डोळ्यांखालून घालावं. एखाद्या मंत्रालयाच्या निम्म्या शिफारशी पाचव्यात पडल्या असतील तर त्या खात्याला समितीची किती पर्वा आहे ते कळतं. दुसऱ्या प्रकरणाने मात्र फसू नये. ‘समितीची शिफारस नोंद घेण्यात आली आहे’ एवढ्या उत्तरावरही शिफारस ‘मान्य’ या खान्यात जाऊन बसते.

याला पूरक म्हणजे निर्देश ७३-अ. स्थायी समितीच्या अहवालातल्या शिफारशींची अंमलबजावणी कुठवर आली याचं निवेदन मंत्र्याने सहा महिन्यांतून एकदा सभागृहात करायचं असतं. कामकाजपत्रिकेत ते एका ओळीत दिसतं आणि कोणाचं लक्ष जात नाही. जोडलेला तक्ता मात्र वाचनीय असतो.

आकड्यांची ताडणी

अधिकाऱ्याचं आश्वासन तपासायची सगळ्यात सोपी जागा म्हणजे अनुदानाच्या मागण्यांवरचे, म्हणजे मंत्रालयाने मागितलेल्या वर्षाच्या खर्चावरचे, अहवाल. स्थायी समित्या ते दरवर्षी अर्थसंकल्पी अधिवेशनात देतात. प्रत्येक योजनेचे तीन आकडे असतात: अर्थसंकल्पी अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च. साक्ष होते फेब्रुवारी-मार्चमध्ये. तोवर कधीकधी खर्च निम्माही झालेला नसतो आणि सचिव सांगतात की उरलेली रक्कम मार्चअखेर खर्ची पडेल.

इथे दोन गोष्टी करायच्या. पहिली लगेच करता येते: अर्थ मंत्रालयाचाच दंडक आहे की शेवटच्या तिमाहीत अर्थसंकल्पाच्या ३३ टक्क्यांपेक्षा आणि एकट्या मार्चमध्ये १५ टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करू नये. डिसेंबरअखेर ४० टक्केच खर्च झालेला असताना कोणी १०० टक्क्यांची हमी देत असेल, तर तो एकतर दंडक मोडणार आहे किंवा शब्द. दुसरी वर्षभराने: पुढच्या वर्षीचा तोच अहवाल उघडून प्रत्यक्ष खर्चाचा रकाना बघायचा. वर्षानुवर्षांचे अहवाल एकाच फोल्डरमध्ये साठवले तर ही तपासणी फार तर अर्ध्या तासाची आहे.

साठवण्यावरून आठवलं. जुनी संकेतस्थळं बंद होऊन संसद डॉट इन आलं तेव्हा बातम्यांतले आणि शोधनिबंधांतले जुने दुवे ढिगाने मेले. म्हणून दुव्यावर विसंबू नये. सभागृह, प्रश्नाचा प्रकार, क्रमांक आणि तारीख एवढं लिहून ठेवलं की कागद कधीही पुन्हा सापडतो. समितीसाठी समितीचं नाव, कितवी लोकसभा, अहवाल क्रमांक आणि पटलावर ठेवल्याची तारीख.

डिजिटल ग्रंथालयात १९५२ पासूनची कामकाजं आणि समित्यांचे जुने अहवाल आहेत. जुन्या छपाईचं स्कॅनिंग असल्यामुळे शब्दशोध अधूनमधून चुकतो. आडनावांची इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी टाकून बघावीत. बाकी हे दालन सुरेख आहे, आणि संध्याकाळ कशी गेली ते कळत नाही.

माहिती अधिकाराची जोड

संकेतस्थळ जिथे थांबतं तिथून पुढे माहिती अधिकार, पण अर्ज कसा लिहिता यावर सगळं ठरतं. ‘समितीला दिलेल्या लेखी उत्तराची प्रत द्या’ असं मागितलं की कलम ८(१)(ग), विधिमंडळाच्या विशेषाधिकाराचा भंग, असं कारण देऊन अर्ज फेटाळला जातो. विशेषतः अहवाल यायच्या आधी. म्हणून समितीचं नावच घेऊ नये. साक्षीत ज्या आकड्यावर विधान उभं आहे तो आकडा जिथे जन्मतो तो कागद मागावा: मासिक प्रगती अहवाल, उपयोगिता प्रमाणपत्रं, राज्यांकडून आलेली विवरणपत्रं, अमुक तारखेची बैठकीची टिपणी. हे मंत्रालयाचे रोजचे कागद आहेत, संसदेचे नव्हेत. केंद्राची फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आलं तर पहिलं अपील आणखी ३० दिवसांच्या आत. एका अर्जात एकच योजना आणि एकच कालावधी ठेवला तर ‘माहिती विपुल व विखुरलेली’ ही पळवाट उरत नाही.

आश्वासनं: ५ पैकी अडीच

मंत्री सभागृहात ‘बघतो’, ‘विचाराधीन आहे’, ‘माहिती गोळा करून पटलावर ठेवू’ म्हणाला की ते आश्वासन धरलं जातं. अशा तीसहून अधिक वाक्प्रयोगांची यादीच आहे. लोकसभेची आश्वासन समिती १९५३ पासूनची, राज्यसभेची १९७२ पासूनची. पूर्ततेची मुदत तीन महिने, वाढवून मागता येते, आणि मागितली जातेच. २०१८ च्या ऑक्टोबरपासून संसदीय कार्य मंत्रालयाने हा सगळा पत्रव्यवहार ओएएमएस प्रणालीवर नेला. मंत्रालयं आणि सचिवालयांच्या सोयीसाठी ती बांधलेली आहे आणि तशीच ती वापरताना जाणवते.

त्यापेक्षा आश्वासन समितीचे अहवाल वाचावेत. दोन प्रकार कामाचे: एखाद्या मंत्रालयाच्या प्रलंबित आश्वासनांचा आढावा, आणि आश्वासनं वगळण्याच्या विनंत्या. पहिल्यात सचिवांना बोलावून एकेका आश्वासनावर का अडलं ते विचारलेलं असतं. दुसऱ्यात ‘हे आता वगळा’ म्हणताना मंत्रालयाने दिलेली कारणं असतात, आणि ती कारणं कधीकधी मूळ उत्तरापेक्षा जास्त बोलकी असतात.

एक मोठं छिद्र मात्र आहे. ही सगळी यंत्रणा मंत्र्याने सभागृहात दिलेल्या शब्दापुरती. सचिवाने समितीत ‘दोन महिन्यांत करतो’ म्हटलं तर ते या अर्थाने आश्वासन नाही. त्याचा पाठपुरावा कार्यवाही अहवालातच, आणि स्थायी समित्यांची मुदत एक वर्षाची. दरवर्षी सदस्य बदलतात. कोणी काय शब्द दिला होता हे लक्षात असतं ते समितीच्या सचिवालयाला आणि फाइलला. अधिकारीही तोवर बदलून गेलेला असतो आणि नवा म्हणतो, तेव्हा मी नव्हतो.

तफावत सापडली तर?

सेवेच्या बाहेरची गोष्ट, पण याशिवाय परीक्षण अपुरं राहील. समितीसमोर जाणूनबुजून खोटं सांगणं हा सभागृहाचा अवमान आहे. शपथ द्यायची की नाही हे समितीवर; शपथेवर खोटी साक्ष दिली तर फौजदारी कायदाही लागू शकतो. प्रत्यक्षात उदाहरणं दुर्मीळ. १९७० मध्ये लोकलेखा समितीसमोर खोटी साक्ष दिल्याबद्दल एस. सी. मुखर्जी या सरकारी अधिकाऱ्याला लोकसभेने सभागृहाच्या कठड्यापाशी बोलावून समज दिली. हे उदाहरण आजही पहिलं आठवतं यावरून बाकीच्यांची कल्पना यावी. महाराष्ट्र विधानसभेने मार्च २००८ मध्ये तेव्हाचे राज्य निवडणूक आयुक्त नंदलाल यांना दोन दिवसांची कैद सुनावली, पण ते प्रकरण समितीपुढे हजर न राहण्याचं आणि हक्कभंगाचं होतं, खोट्या साक्षीचं नव्हे. न येणाऱ्याला पकडणं सोपं, येऊन अर्धसत्य बोलणाऱ्याला अवघड.

सगळं उघड झालं की सुटेल, असंही नाही. अमेरिकेत सिनेटच्या गुप्तचर समितीसमोर १२ मार्च २०१३ ला राष्ट्रीय गुप्तचर संचालक जेम्स क्लॅपर यांनी, कोट्यवधी अमेरिकनांची माहिती सरकार गोळा करतं का या प्रश्नाला, कॅमेऱ्यासमोर नाही म्हटलं, तीन महिन्यांत एडवर्ड स्नोडेन या गुप्तचर यंत्रणेच्या माजी कंत्राटी कर्मचाऱ्याने फोडलेल्या कागदपत्रांनी ते उत्तर खोडून काढलं, आणि खटल्याची पाच वर्षांची मुदत २०१८ च्या मार्चमध्ये कोणतीही कारवाई न होता संपली.

आपल्याकडे हक्कभंगाची सूचना सामान्य माणसाला देता येत नाही, सदस्यालाच देता येते, लोकसभेत नियम २२२ खाली. शिवाय बाब नुकतीच घडलेली असावी लागते. कार्यवाही अहवाल दीड वर्षाने येतो, म्हणजे तोवर वेळ गेलेली असते. मंत्र्याच्या विधानातली चूक दाखवायची असेल तर निर्देश ११५ जास्त कामाचा: सदस्य आधी अध्यक्षांना लिहून पुराव्यासह चूक दाखवतो, मंत्र्याकडून खुलासा मागवला जातो. खासदाराकडे जाताना त्यांना वीस पानं देऊ नयेत. एका पानावर डावीकडे विधान, तारीख, क्रमांक. उजवीकडे ते खोडणारा कागद, त्याचाही क्रमांक आणि पान. एवढं असलं की त्यांच्या स्वीय सहायकालाही ते पुढे सरकवता येतं.

अधिकाऱ्याच्या बाबतीत समिती विषय अभ्यासत असतानाच निवेदन पाठवावं. समित्या वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन निवेदनं मागवतात, संकेतस्थळावरही सूचना येते. बैठकीच्या आधी पोचलेलं एक नेमकं निवेदन सदस्याच्या हातात प्रश्न देतं. अहवाल आल्यानंतरचं निवेदन फाइलला लागतं.

विधानमंडळाचं संकेतस्थळ: ५ पैकी २, मराठीसाठी अर्धा जास्त

राज्याच्या संकेतस्थळावर कामकाज मराठीत आहे ही मोठी जमेची बाजू. प्रश्नांच्या याद्या उत्तरांसकट मिळतात आणि त्यांचा साचा ओळखीचा: ‘हे खरे आहे काय’, मग ‘असल्यास’, मग ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. उत्तरं चार: ‘हे खरे आहे’, ‘हे खरे नाही’, ‘अंशतः खरे आहे’, ‘प्रश्न उद्भवत नाही’. यातलं ‘अंशतः खरे आहे’ सापडलं की पुढचा परिच्छेद शब्द न् शब्द वाचावा, कारण कोणता अंश खरा हे तिथे बहुधा सांगितलेलंच नसतं.

समित्यांच्या अहवालांत साक्ष संसदेपेक्षा अधिक मोकळेपणाने येते. पंचायत राज समितीचे अहवाल बघा. समिती जिल्हा परिषदेत जाते, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची आणि खातेप्रमुखांची साक्ष घेते, मग मुंबईला विभागाच्या सचिवांची. जिल्ह्यात एक सांगितलेलं आणि मंत्रालयात दुसरं, असं एकाच मुद्द्याखाली लागोपाठ छापलेलं असतं, आणि खाली ‘अभिप्राय व शिफारशी’. लेखापरीक्षणातल्या परिच्छेदावर ‘वसुली करण्यात येईल’ असं जिल्ह्यात सांगून झालेलं असतं, आणि सचिवांच्या साक्षीत कळतं की संबंधित कर्मचारी कधीच निवृत्त झाला. ‘पीआरसी येणार’ म्हटल्यावर जिल्हा परिषदेत रात्री उशिरापर्यंत दिवे का जळतात ते या पानांवरून समजतं.

पण तिथवर पोचणं जिकिरीचं. बरेच अहवाल स्कॅन केलेली चित्रं आहेत, त्यात शब्दशोध चालत नाही. काही पीडीएफ जुन्या फाँटमधली, नक्कल करून चिकटवलं की अक्षरांची खिचडी. अशा वेळी मोबाइलवरून पानाचा फोटो घेऊन मजकूर ओळखणारं एखादं अॅप वापरावं आणि आकडे मात्र हाताने तपासावेत. मराठी १ आणि ९, ५ आणि ६ यांत ही अॅप हमखास घोटाळा करतात. अहवाल कोणत्या वर्षाच्या लेखापरीक्षणावर आहे तेही आधी बघावं. पाच-सात वर्षांपूर्वीचं वर्ष असणं ही नेहमीची गोष्ट, आणि तसं असेल तर साक्ष देणारा अधिकारी त्या काळात त्या खुर्चीत नव्हताच, हे धरूनच त्याची उत्तरं वाचावी लागतात.